मानबोककाकांना मारू नका

मिन दोकसू यांनी सगळी नोकरी कोरियातल्या आन्यांग शहराच्या एका प्रभाग कचेरीत, तक्रारींच्या खिडकीमागे काढली. वरच्या मजल्यावरची पोरं उड्या मारतात, शेजारी दुसऱ्याच्या जागेत गाडी लावतो, कचऱ्याची पिशवी भलत्याच दारात येऊन बसते, असं सगळं जग त्या खिडकीत वाकून बोलायचं आणि दोकसूसाहेब मान डोलवत ऐकायचे. ऐकून झालं की म्हणायचे, "आपलं म्हणणं संबंधित विभागाकडे पाठवण्यात येईल." एवढं ऐकलं की माणसं परत जायची. स्वतः दोकसूंनी मात्र आयुष्यात कुणाकडे कसलीही तक्रार केली नव्हती. तक्रार हे लोकांनी करायचं काम आहे, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

निवृत्तीनंतर एका सोमवारी दुपारी त्यांच्या फ्लॅटची घंटा वाजली. दारात पाच-सहा बायका. सगळ्यात पुढे बोंगनामताई. त्या पूर्वी एका शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य आचारी होत्या. शेकडो पोरांना रांगेत उभं करायची सवय असल्यामुळे त्या आवारातल्या सगळ्यांनाच त्याच आवाजात बोलतात. चपलांचा ढीग दाराशी पडला आणि सगळ्या जणी बैठकीत मांडी घालून बसल्या.

"साहेब, माणूस मरतोय," बोंगनामताई म्हणाल्या.

दोकसू ताडकन उठले. "कोण? रुग्णवाहिका बोलावली का?"

"मानबोककाका."

"कुठल्या इमारतीतले?"

"संध्याकाळी साडेआठचे."

दोकसूंचा फोनकडे गेलेला हात तिथेच थांबला. मग हळूहळू उलगडा झाला. 'तरीही माझीच सून' ही मालिका सोमवार ते शुक्रवार रोज लागते. त्यात बाजारात माशाच्या वड्या विकणारे एक विधुर मानबोककाका आहेत. सबंध मालिकेत सरळ वागणारा हा एकच माणूस. बाकीचे सगळे दाराआड उभे राहून दुसऱ्यांचं बोलणं ऐकतात. आणि शुक्रवारच्या भागाच्या शेवटी, येत्या भागांची झलक दाखवताना, पांढऱ्या शेवंतीची फुलं दिसली. पांढरी शेवंती अंत्यविधीत फोटोभोवती रचतात, हे काय कुणाला सांगायला हवं?

"आम्हाला वाहिनीकडे अर्ज करायचाय," ताई म्हणाल्या. "काकांना मारू नका म्हणून. तुमच्यासारखी कचेरीची भाषा आमच्यात कुणाला येत नाही."

"माफ करा," दोकसू ताठ बसून म्हणाले. "मी मालिका बघत नाही. त्यावर माझं मतच नाही."

"बघत नाहीत हो," स्वयंपाकघरातून सुकजाचा आवाज आला. सुकजा म्हणजे दोकसूंची बायको. "दात घासायचा ब्रश तोंडात धरून दाराशी उभे राहतात फक्त. शुक्रवारी अर्धा तास दात घासत होते. हिरड्या शिल्लक आहेत की नाही देव जाणे."

बायका हसल्या. दोकसूंना काय उत्तर द्यावं सुचेना, आणि काही सुचेना की ते 'ठीक आहे, बघतो' म्हणत. खिडकीमागची जुनी सवय. बायकांनी त्याचा अर्थ होकार असा घेतला आणि चपला शोधायला लागल्या.

आता, दोकसूंनी नोकरीत कधी न वाचता सही केली नव्हती. प्रकरण हातात घेतलं म्हणजे पहिल्या पानापासून वाचायचं. म्हणून त्यांनी मालिका पहिल्या भागापासून बघायला घेतली. जुने भाग पुन्हा बघता येतात, हे सुकजाने दाखवलं. दोकसू टीव्हीसमोर पाठ ताठ करून बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "कामासाठी बघतोय."

"हो ना," सुकजा म्हणाली आणि शेजारी लसूण सोलत बसली.

पहिलं मत दहाव्या मिनिटालाच बाहेर पडलं. नायिका अनाथाश्रमात वाढलेली, आणि तिची खरी आई म्हणजे तीच ती श्रीमंत सासू, हे सगळ्या प्रेक्षकांना माहीत. मालिकेतल्या एकालाही माहीत नाही.

"अगं, पण दाखला काढा ना!" दोकसू ओरडले. "कुटुंबाच्या नोंदीचा दाखला! कचेरीच्या दारात यंत्र आहे. अंगठा ठेवला की कागद बाहेर. एवढी रडारड कशाला?"

"दाखला काढला तर मालिका कशी चालेल?"

"मग चालवायची कशाला? कचेरी उघडी असताना?"

त्यांचा संताप खरा होता. ज्या यंत्राशेजारी उभं राहून त्यांनी कित्येक म्हाताऱ्यांना अंगठा कसा ठेवायचा ते शिकवलं, त्या यंत्राला मालिकावाल्यांनी देशातून पुसूनच टाकलं होतं. वर सगळी गुपितं लोक दवाखान्याच्या जिन्यातच मोठ्याने बोलतात. नेहमी एकच पांढरा ट्रक येऊन माणसाला उडवतो. उडालेला माणूस शुद्धीवर आला की नेमकं तेवढंच विसरतो जेवढं विसरून चालणार नाही. श्रीमंत बाई हातात पैशांचा करकरीत लिफाफा घेते की समजावं, आता समोरचीला 'माझ्या मुलाला सोड' म्हणणार. दोकसूंनी ही सगळी मतं एका कागदावर लिहायला सुरुवात केली. अर्जाला आधार हवा ना!

पण मग बाजारात मानबोककाका आले. काकांचा चेहरा उकडलेल्या बटाट्यासारखा साधा, अंगात जुनं लाल स्वेटर. बाजाराच्या कोपऱ्यावर धोब्याचं दुकान चालवणारी एक विधवा आहे. काका तिला रोज रश्श्याचं भांडं नेऊन देतात आणि एकच गोष्ट विचारतात, "जेवलात का?" उत्तराची वाट न बघता जातात. दोकसूंच्या हातातलं पेन थांबलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण आटोपून ते आपणहून टीव्हीसमोर बसले. तिसऱ्या दिवशी ते सासूला शिव्या देता देता सुकजासाठी भाजलेले चेस्टनट सोलत होते आणि आपण सोलतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. सुकजाच्या आलं. ती खात राहिली.

अर्ज लिहायला सुरुवात झाली आणि ही बातमी लिफ्टमधून वरखाली फिरू लागली. खालच्या मजल्यावरचे प्यो, आयुष्यभर विमा विकलेला माणूस, दार न वाजवता आत आले.

"सुरुवातीलाच घाबरवायचं," प्यो म्हणाले. "माणूस घाबरला की सही करतो. लिहा, काका मेले तर आम्ही टीव्ही फोडू."

"मी सरकारी नोकर होतो, प्यो."

"मग लिहा, टीव्ही बंद ठेवू. सौम्य."

केस कापायच्या दुकानातल्या बाईंनी निरोप धाडला, काकांचं आणि धोबीणबाईंचं लग्नही मागून घ्या, आता अर्ज जातोच आहे तर. सातव्या मजल्यावरच्या आजींना नायिकेच्या कोटाचा रंग पसंत नव्हता. एकीला हवं होतं की खलनायिकेला तुरुंगात पाठवावं, पण उन्हाळ्यात, कारण थंडीत तुरुंगात फार हाल होतात. बोंगनामताईंचं म्हणणं होतं, बाजारातल्या माशाच्या वड्या नीट फुगलेल्या दिसत नाहीत. ज्याने आयुष्य वड्यांत घालवलं त्याच्या वड्या अशा? दोकसूंनी एकही सूचना नाकारली नाही. जोडपत्र अ, जोडपत्र ब, असं करत करत अर्ज अकरा पानांचा झाला. शेवटच्या पानावर त्यांची स्वतःची मतं. त्यातलं एक मत ठळक अक्षरात: कोणत्याही परिस्थितीत जुळा भाऊ आणू नये.

मग वाहिनीच्या संकेतस्थळावर प्रेक्षकांच्या मतांचं पान उघडलं. ते म्हणालं, आधी सभासद व्हा. सभासद व्हायला सांकेतिक शब्द द्या. सांकेतिक शब्दात एक विशेष चिन्ह हवं.

"माझ्यात विशेष काय?" दोकसू म्हणाले आणि नुसतं नाव टाकलं. पानाने ते परत केलं. लोकांचे अर्ज आपण कसे परत करत होतो ते त्यांना आठवलं असावं, कारण ते जरा गंभीर झाले. नंतर टोपणनाव मागितलं. 'दोकसू' हे नाव कुणीतरी आधीच घेतलेलं. 'मिन दोकसू' घेतलेलं. 'खरा मिन दोकसू' सुद्धा घेतलेलं! हा कोण तोतया, हे बघायला ते अर्धा तास वेगळेच फिरत राहिले. शेवटी सुकजाने वैतागून 'रताळं' असं टाकलं आणि पान खुललं. रताळं हे मालिकावाल्या बायकांचं लाडकं नाव आहे. कथानक पुढे सरकत नसलं, घशात कोरडं रताळं अडकल्यासारखं वाटत असलं, की त्या मालिकेला रताळं म्हणतात. शेवटी कुणीतरी खलनायकाच्या कानफटात मारली की सोडा प्यायल्यासारखं मोकळं होतं. अशा रीतीने माजी विभागप्रमुख मिन दोकसू जगासमोर रताळं म्हणून उभे राहिले.

एवढं झाल्यावर कळलं की एका वेळी मोजकीच अक्षरं मावतात. प्यो म्हणाले, "तुकडे करून टाका." दोकसूंनी तुकडे केले. पण त्या पानावर नवीन मत वर आणि जुनं खाली जातं. त्यामुळे अर्ज वाचणाऱ्याला आधी 'कळावे, आपला विश्वासू' दिसायचं, मग जोडपत्रं, मग वड्या, मग खलनायिकेचा उन्हाळा, आणि अगदी तळाशी 'महोदय'.

उत्तर मात्र तडकाफडकी आलं. सगळ्या बायका फोनभोवती गोळा झाल्या. दोकसूंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं:

"आपलं म्हणणं संबंधित विभागाकडे पाठवण्यात येईल."

दोकसूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वाक्य तेच होतं. वाक्यात चूक काढायला जागा नव्हती. नम्र होतं, पूर्ण होतं, आणि ते दुसऱ्या बाजूने वाचायची त्यांच्यावर पहिल्यांदाच वेळ आली होती.

"म्हणजे काय हो?" बोंगनामताईंनी विचारलं.

"म्हणजे," दोकसू उठून म्हणाले, "आपण स्वतः जायचं."

ही उडी कुणाला अपेक्षित नव्हती, त्यांना स्वतःला तर मुळीच नव्हती. पण ठिकाण आधीच ठाऊक होतं. बोंगनामताईंच्या मावसबहिणीचं पाजू शहरात जेवणाचं दुकान आहे. त्यासमोरच्या दवाखान्याच्या अंत्यविधी-दालनात गुरुवारी चित्रीकरण आहे, असं तिने सांगितलं होतं. नुसतं हात हलवत जायचं नाही, म्हणून बायकांनी चित्रीकरणवाल्या सगळ्या लोकांना पुरेल इतकं किमबाप वळलं. तांदूळ, पालक, अंडं, मुळा, समुद्री शेवाळाच्या कागदात गुंडाळून डबेच्या डबे. प्योंनी आपली जुनी व्हॅन काढली.

"कपडे कसे घालू?" दोकसूंनी विचारलं.

"काळा सूट," प्यो म्हणाले. "काळा टाय. निषेध म्हणजे निषेध दिसला पाहिजे."

व्हॅनमध्ये दोकसू आणि सुकजा मागच्या बाकावर, मध्ये किमबापचे डबे. शहर मागे पडलं तेव्हा दोकसूंनी विचारलं, "एक सांग. तुम्हा सगळ्यांना हा माणूस एवढा का आवडतो? दिसायला काही विशेष नाही. पैसा नाही. वड्यासुद्धा फुगत नाहीत."

सुकजा खिडकीबाहेर बघत होती. "तुम्ही कामावरून घरी आलात की पहिलं काय म्हणायचात, आठवतं?"

"काय?"

"'जेवायला आहे का?'" ती म्हणाली. "रोज. वाईट नाही हो ते. दमून यायचात. पण तो माणूस विचारतो, 'जेवलात का?' शब्द जवळजवळ तेच, फक्त उलट्या दिशेने येतात. ते कानाला बरं वाटतं एवढंच."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर दोकसूंनी उत्तर दिलं असतं. ते डब्यावर हात ठेवून बसून राहिले. पाजू येईपर्यंत त्यांनी अर्ज तीनदा चाळला आणि त्यात कुठेही हा मुद्दा लिहिलेला नाही, हे त्यांच्या लक्षात आलं.

दालनाच्या दाराशी तारा, दिवे, धावपळ. बायका डबे घेऊन एका बाजूला गेल्या. दोकसू अर्ज छातीशी धरून आत शिरले आणि कानाला यंत्र लावलेली एक मुलगी धावत त्यांच्या अंगावर आली.

"काका! इतका उशीर? सगळे बसलेत केव्हाचे! बूट काढा, बूट काढा!"

"अहो बाई, मी एक निवेदन..."

"कागद द्या इकडे. तुम्ही मृताचे मावसभाऊ. तिसऱ्या रांगेत. रडायचं."

दोकसूंचा स्वभाव असा की कुणी रांग दाखवली की ते रांगेत जाऊन बसतात. बूट निघाले, कागद गेले, आणि काळ्या सूटमधले मिन दोकसू तशाच काळ्या कपड्यांतल्या शोक करणाऱ्या लोकांत चटईवर मांडी घालून बसलेले सापडले. समोर पांढऱ्या शेवंतीचा डोंगर. मधोमध काळ्या फितीच्या चौकटीत मानबोककाकांचा हसरा फोटो. म्हणजे झालं! आपण ज्याला वाचवायला आलो त्याच्याच अंत्यविधीला बसलोय, हे लक्षात यायला त्यांना थोडा वेळ लागला. लक्षात आल्यावर उठावं, तर दिवे लागले आणि कुणीतरी 'शांत!' असं ओरडलं.

नायक आला. गुडघे टेकले, उदबत्ती पेटवली, आणि तिची ज्योत तोंडाने फुंकून विझवली.

"अहो!" दोकसूंच्या तोंडून निघून गेलं. "हाताने वारा घाला! तोंडाने फुंकतात का उदबत्ती!"

चित्रीकरण थांबलं. मग दिग्दर्शक आडोशामागून आला. हा थकलेला माणूस, डोक्यावर उलटी टोपी.

"कोण बोललं?"

"मृताचा मावसभाऊ," शेजारी बसलेला एक गर्दीतला नट घाईने म्हणाला, आपल्यावर येऊ नये म्हणून.

दिग्दर्शकाने दोकसूंकडे बघितलं, नायकाकडे बघितलं आणि डोकं खाजवलं. "बरोबर आहे त्यांचं. हाताने विझव." आणि मग दोकसूंना म्हणाला, "काका, तुमचं लक्ष चांगलं आहे. पण रडा जरा. मावसभाऊ आहात तुम्ही. कॅमेरा तुमच्याकडे येतोय."

रडायचं म्हणजे काय करायचं? दोकसूंनी तोंड वाकडं करून बघितलं. दिग्दर्शक म्हणाला, दात दुखल्यासारखं दिसतंय. त्यांनी डोळे मिटले. दिग्दर्शक म्हणाला, झोप आल्यासारखं दिसतंय. दोकसूंचा चेहरा अपमानाने लाल झाला. त्यात दाराच्या फटीतून त्यांना बाहेरचं दिसलं. खुद्द मानबोककाका, लाल स्वेटरात, ठणठणीत, बोंगनामताईंच्या हातचं किमबाप खात उभे होते आणि ताई त्यांना मुळा का कमी घातला ते समजावून सांगत होत्या.

बाजूला सुकजा उभी होती. तिच्या हातात रिकामा डबा. सगळ्यांना वाढून झालं होतं. ती स्वतः जेवली होती का? दोकसूंना आठवेना. सकाळपासून आपण काहीच विचारलं नाही. आणि लवकरच साडेआठला तिला ते विचारणारा माणूसही नाही, तो इथे फोटोत जाऊन बसलाय.

आणि मग दोकसूंच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आधी थोडं, मग जरा जास्त, मग खांदे हलायला लागले. गर्दीतला नट आश्चर्याने सरकून बसला. कॅमेरा जवळ आला. दोकसूंनी नाक पुसायला रुमाल शोधला, सापडला नाही, म्हणून टायने पुसलं. दिग्दर्शक नुसता हात वर धरून होता, कुणी हलू नये म्हणून.

झालं तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली. दोकसूंनी बूट घातले आणि अर्जाची चौकशी केली. अर्ज सापडला. दिव्यांवर काम करणाऱ्या माणसाने गरम पाणी घातलेल्या नूडल्सच्या कपावर, वाफ जाऊ नये म्हणून, अकराच्या अकरा पानं ठेवली होती.

"हे कुठे द्यायचं असतं?" दोकसूंनी कानात यंत्र लावलेल्या मुलीला विचारलं.

"मी पाठवते," मुलगी म्हणाली. "संबंधित..."

"नका सांगू," दोकसू म्हणाले.

ते बाहेर येऊन सुकजाशेजारी उभे राहिले. खिशातून कागदात गुंडाळलेलं किमबाप काढलं. आतल्या एका टेबलावरून त्यांनी ते उचललं होतं. सरकारी नोकरीत असं त्यांनी कधी केलं नव्हतं. "घे," ते म्हणाले. "तू जेवली नाहीस." सुकजाने त्यांच्याकडे बघितलं, मग किमबापकडे. "मीच वळलंय ते," ती म्हणाली. पण तिथेच उभ्या उभ्या तिने सगळं खाल्लं.

भाग दाखवला गेला तेव्हा आवारातल्या ज्येष्ठांच्या खोलीत बसायला जागा नव्हती. प्यो सगळ्यांना सांगत होते की सूटची कल्पना त्यांची. मग पडद्यावर शेवंती आली, नायकाने हाताने वारा घालून ज्योत विझवली (दोकसूंनी खाली मान घालून घसा खाकरला), आणि अचानक पडदाभर मिन दोकसू. पिकलेल्या पर्सिमॉन फळासारखा लालबुंद चेहरा, टायने नाक पुसणारे, हुंदके देणारे. एकतीस वर्षं ज्या चेहऱ्यावर लोकांनी काहीच बघितलं नव्हतं, तो चेहरा. दोकसूंना वाटलं, आता जमीन दुभंगावी. त्यांनी दाराकडे बघितलं. पण दार आणि त्यांच्यामध्ये सगळं आवार बसलं होतं.

कुणी हसलं नाही. बोंगनामताईंनी रुमाल काढला आणि मोठ्याने नाक शिंकरलं. "साहेब," त्या म्हणाल्या, "आमच्या वाटचं रडायचं काम तुम्ही केलंत."

त्या दिवसापासून आवारात त्यांना सगळे 'मावसभाऊ' म्हणायला लागले. मुलगी यून्जूचा फोन आला: "बाबा, ऑफिसमध्ये सगळे विचारतायत, हे रडणारे काका कोण. मी सांगितलं, ओळखत नाही. पण मग मीच रडले." पहारेकरी त्यांना बघून टोपी काढायचा. फळवाला दोन संत्री जास्त टाकायचा आणि म्हणायचा, "धीर धरा."

आणि मग दोन आठवड्यांनी, एका गुरुवारी, मानबोककाकांच्या बंद दुकानासमोर एक टॅक्सी थांबली. आतून लाल स्वेटर घातलेले मानबोककाका उतरले. काका नव्हे, त्यांचा जुळा भाऊ. लहानपणी ब्राझीलला दत्तक गेलेला. नाव चॉनबोक.

आवारात जल्लोष झाला. प्यो जिन्यातून ओरडत आले, "तुमच्या अर्जाने काम केलं!" केसांच्या दुकानातल्या बाईंनी सगळ्यांना कॉफी पाजली. बोंगनामताई म्हणाल्या, सरकारी भाषेत ताकद असते ती असते. दोकसूंनी तोंड उघडलं. आपण तर ठळक अक्षरात लिहिलं होतं, जुळा भाऊ आणू नये! दत्तक गेलेल्या माणसाचीसुद्धा नोंद असते! दाखला...

सुकजाने त्यांच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की बाकीचं वाक्य दोकसूंनी गिळून टाकलं.

"ब्राझील लांब आहे," ते म्हणाले. "नोंदी हरवतात."

थंडी पडायच्या आधी बायकांनी सहल काढली. नेजांग डोंगरावर मेपलची पानं लाल झाली होती. दोकसूंनी सकाळी सुकजाला बसपर्यंत पोचवलं आणि परत येऊन रिकाम्या घरात काय करावं हे न सुचून टीव्ही दोनदा पुसला. संध्याकाळी त्यांनी एकट्यासाठी नूडल्स केले. साडेआठच्या जरा आधी फोन वाजला.

"अहो, आम्ही रस्त्यात अडकलोय," सुकजा म्हणाली. "परतीची सगळी गर्दी एकदमच निघालीय. बसमधला टीव्ही बिघडलाय आणि माझ्या फोनवर चित्र हलतच नाही. काय चाललंय ते सांगा ना."

"काय सांगू? मला काही गोष्टी सांगता येत नाहीत."

"जे दिसतंय ते सांगा."

दोकसू टीव्हीसमोर बसले, पाठ ताठ. "शीर्षकगीत संपलं," ते म्हणाले. "बाजार. पाऊस. चॉनबोक दुकान उघडतोय. कुलूप उघडता येत नाहीये त्याला. येणार कसं, त्याने कधी उघडलंय? अगं, धोबीणबाई! छत्री घेऊन येतेय. त्याला पाठमोरं बघितलं तिने. थांबली. छत्री खाली पडली. तिला वाटतंय तोच आहे. बिचारी! आता ती पळेल की... नाही, पळत नाही. पुढे येते. रश्श्याचं भांडं धरलंय हातात, सुकजा. या वेळी भांडं तिच्या हातात आहे. ती विचारणार! ती त्याला विचारणार बघ!"

त्यांचा आवाज चढला होता. ते उभे राहिले होते, नूडल्स गार झाले होते. फोनमधून काही ऐकू येईना, म्हणून त्यांनी कान लावला, तर पलीकडे एक नाही, कितीतरी श्वास होते. मग बोंगनामताईंचा कुजबुजता आवाज आला. त्यांना कुजबुजता येतं हे आवाराला माहीत नव्हतं. "मग? काय म्हणाली ती?" मागून कुणीतरी, "आवाज मोठा करा, शेवटच्या रांगेत ऐकू येत नाही!" आणि चालकही ओरडला, "मावसभाऊ, जरा सावकाश सांगा, मला गाडीही चालवायचीय!"

सगळी बस ऐकत होती. दोकसूंनी घसा खाकरला. खिडकीमागे बसून त्यांनी जन्मभर ऐकून घेतलं होतं. आता अंधाऱ्या रस्त्यावर अडकलेली बसभर माणसं त्यांचं ऐकायला थांबली होती. पडद्यावर साबणाची जाहिरात चालली होती.

"हे बघा," दोकसू बस्तान मांडून बसत म्हणाले, "माझं मत विचाराल तर या बाईने त्याला लगेच विचारू नये. दुःख आहे तिला, पण मान पण आहे. आणि तो चॉनबोक, साधा वाटतो, पण त्याच्या खिशात काहीतरी आहे, मी मघाशीच बघितलं..."

"काय आहे खिशात?" बसभर गलका झाला.

"शू!" दोकसू म्हणाले. "जाहिरात संपली. कुणी बोलू नका."

आणि बसमध्ये कुणी बोललं नाही.